बांधावरचा माणूस वगळून

२३ जून, सोमवार

डायरी लिहिण्याची सवय मला नाही. पण लॅबमधली माझी सहकारी हेतल म्हणते, प्रयोगाच्या वहीत जे लिहिता येत नाही ते कुठेतरी लिही, नाहीतर तू माझ्यावर ओरडतेस. म्हणून ही वही. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर घेतली, दोनशे पानी, शाळकरी.

आज मंजुरी आली. पाच ड्रोन, एक पावसाळा आणि आमच्या दांडखारचा अडीच किलोमीटरचा बांध. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मध्ये नुसती माती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिंबोऱ्यांच्या बिळांतून पाणी झिरपायला लागतं, मग माती सुटते आणि बांधाला खांड, म्हणजे भगदाड, जाते. एकदा खारं पाणी आत शिरलं की तीन वर्षं त्या शेतात भात नाही. एकेचाळीस वर्षं दर उधाणाला माझे बाबा काठी घेऊन हा बांध चालतायत. गावाने त्यांना नेमलेलं आहे. झिरपा दिसला की आरोळी ठोकायची, मग गाव पेंढा आणि चिखलाची ढेकळं घेऊन धावतं.

गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, आता उन्हातान्हात चिखल तुडवणं बंद. बाबांनी मान डोलावली आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा बांधावर गेले.

अर्जात मी बरंच काय काय लिहिलंय. खरं कारण एवढंच की मला माझा बाप बांधावरून घरी आणायचाय.

२६ जून

पहिलं उड्डाण. दुपारी एकच्या सुमाराला भरती होती. हेतल गावातल्या शाळेच्या पटांगणात बॅटऱ्या बदलायला, आणि मी खरं तर पनवेलला लॅबमध्ये स्क्रीनपुढे असायला हवी, पण पहिला दिवस म्हणून मीही गावात.

बाबा सकाळपासून धोतर खोचून हजर. मी त्यांना समजावलं: चार ड्रोन बांधावर फिरतात, पाचवा उंचावर थांबतो आणि चौघांचं म्हणणं पनवेलपर्यंत पोचवतो. खाडीवर मोबाइलला रेंज नाही आणि आमची वायरलेसची वाट अरुंद, सगळी चित्रं त्यातून जाऊच शकत नाहीत. म्हणून ड्रोन आधी आपसात ठरवतात. एकाला काही वेगळं दिसलं, ओल, भेग, काहीही, की तो शेजारच्या दोघांना बोलावतो. ते येऊन दुसऱ्या बाजूंनी बघतात. तिघांचं एकमत झालं तरच मला इशारा येतो, सोबत एक छोटं चित्र.

बाबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे तू पनवेलला बसून मना बगनार क?"

"हो बाबा, बघणार."

"सगला?"

"सगळं."

एवढं कोण उलगडून सांगत बसणार? ते खूश झाले. काठी उंच करून त्यांनी ड्रोनला हात केला. ड्रोनला ते काहीतरी वेगळं वाटलं, त्याने दोन सोबती बोलावले, आणि तिघे येऊन बाबांच्या डोक्यावर घोंगावले. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

२८ जून

तीन दिवसांत चौदा इशारे. दोन खऱ्या ओलीचे, एक म्हशीचा आणि अकरा काशीरामचे, म्हणजे माझ्या बाबांचे.

मी आणि हेतल हसून लोळलो. तिने भिंतीवर कागद लावला: 'काशीरामकाका ११, बांध २.'

११ जुलै

गुरुपौर्णिमेचं उधाण. आज मात्र हसू आलं नाही. बाबांना आता कळलंय की हात केला की तिघे येतात. सकाळी अकरापासून सुरू. एका चित्रात ते चिंबोरी धरून दाखवतायत. एका चित्रात टोपी काढून डोकं दाखवतायत, बहुधा केस कापून आले होते. एका चित्रात नुसतेच वर बघतायत. प्रत्येक चित्र आमच्या अरुंद वाटेतून सरकत आलं आणि तेवढ्यात उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळ, एक खरा झिरपा पाच मिनिटं उशिरा दिसला. आनंदाकाकांनी तो काठावरूनच पाहिला होता म्हणून निभावलं. आनंदाकाका बांध समितीचे अध्यक्ष. मला फोनवर म्हणाले, "दिपा, तुजी पाखरा आमच्या मागून आली गो."

लाजेने मेल्यासारखं झालं. आयेला फोन करून सांगितलं, बाबांना सांग, हात करू नका.

आये म्हणाली, "त्यो आयकतो क कोनाचा? घरी येऊन मना सांगतो, आज पोरीन मना तीनदा बगितला."

१५ जुलै

खात्याचे साहेब आले होते. आकडे बघितले. "मॅडम, तुमची यंत्रणा बांधापेक्षा एका म्हाताऱ्यावर जास्त लक्ष ठेवून आहे." पुढच्या उधाणाला खोटे इशारे दोनाच्या वर गेले तर ऑगस्टपासून प्रयोग बंद.

ते म्हातारे माझे वडील आहेत हे मी सांगितलं नाही. हेतलने माझ्याकडे बघितलं आणि चहा सांगायला उठली.

प्रयोग बंद म्हणजे काय हे साहेबांना माहीत नाही. बंद म्हणजे बाबा आणखी दहा वर्षं बांधावर. दहा कसली, तेवढी मिळायची नाहीतच.

१७ जुलै

तोडगा निघाला, आणि सोपा आहे. माणूस उष्णतेवरून सहज ओळखता येतो. तिघांचं एकमत झालं की हा माणूस आहे, तर तो निरोप पुढे पाठवायचाच नाही. मेमरी कार्डावर राहील, वायरलेसवर जाणार नाही. एका ओळीचं काम. ओळीच्या वर मी टीप टाकली: बांधावरचा माणूस वगळून.

हेतलला पटलं नाही. "आणि माणूस पडला तर?"

"आपण बांध बघायला आहोत."

"दिपा, एक टाइम लिमिट टाकूया ना. दहा मिनिटं जागचा हलला नाही तर कळवायचं. इतकंच."

मी म्हटलं, तू बाबांना ओळखत नाहीस. ते एका जागी तासभर विडी ओढत खाडीकडे बघत बसतात. दहा मिनिटांची अट टाकली की पुन्हा भिंतीवर 'काशीरामकाका ११'. ती गप्प बसली. हेतल गप्प बसली की मला जिंकल्यासारखं वाटतं. ही माझी वाईट खोड आहे.

२४ जुलै, गुरुवार

आषाढी अमावास्या. मोठं उधाण. इशारे तीन, तिन्ही खरे. खोटा एकही नाही! साहेबांचा मोबाइलवर अंगठा आला. हेतलने कागद फाडला. उद्यापासून श्रावण म्हणून तिला मी भाजी मार्केटजवळच्या हॉटेलात मासे खाऊ घालायला निघाले होते, मग आठवलं की ती जन्मात मासे खात नाही. शेवटी दोघींनी मिसळ खाल्ली.

संध्याकाळी बाबांचा फोन. ते स्वतःहून फोन करत नाहीत, आयेने लावून दिला असणार.

"आज बगितलंस क मना?"

"बघितलं ना."

"सांग बरा, माज्या हातान काय व्हता?"

"काठी. दुसरं काय असणार?"

मला वाटलं, फोन कटला.

"हां," बाबा म्हणाले. "काठीच व्हती. जेवलीस क गो बाय?"

मी म्हटलं जेवते, मीटिंग आहे, ठेवते. मीटिंग नव्हती. पण कंटाळा येतो, तेच ते बोलणं.

३ ऑगस्ट, रविवार

गावी जाऊन आले. एक काम उरकायचं होतं. आधी आनंदाकाकांकडे गेले. म्हटलं, बाबांना आता समितीच्या कामातून मोकळं करा, यंत्रणा चालतेय. ते म्हणाले, "तुजा बापूस नाय आयकनार, पन समिती सांगल तं बोलता येनार नाय त्याला." संध्याकाळी ते स्वतः घरी आले आणि सांगून गेले. नीट सांगितलं, मान ठेवून.

बाबा उठले. काठी दाराआडून काढून मागच्या पडवीत नेऊन ठेवली. मग मला म्हणाले, "बांद पायाला कलतो, दिपा. नरम लागला क समजाचा. तुज्या त्या पाखरांना पाय नाय."

मी म्हटलं, "पाय नाहीत म्हणून तर घसरून पडत नाहीत."

हे बोलायला नको होतं. पण डॉक्टरांचं ऐकायचं नाही, मुलीचं ऐकायचं नाही, मग कोणाचं ऐकायचं? श्रावणाचं साधं जेवण होतं, शेवग्याची आमटी. वाढता वाढता आये म्हणाली, "अमावशेला त्याला उघाडीपाशी जिताडा मिललेला, यवरा मोठा. बोलला, आज पोर येल बग, येनारच. सांजपावत ठेवला. मंग आनंदाकडं दिला."

मी म्हटलं, अगं एवढा मासा होता तर मला फोन करायचा ना. आये बाबांकडे बघायला लागली. बाबा ताटाकडे बघत होते.

तरी जाताना मला हलकं वाटलं. जे करायला निघाले ते झालं. बाबा आता घरी.

१० ऑगस्ट

नारळी पौर्णिमा काल झाली. आज उधाण ठीक पार पडलं. आयेला फोन केला, बाबा घरातच आहेत ना? "घरान कुठला? उघाडीवर जाऊन येतो बोलला. आता बिनकामाचा जातो, पन जातो." मग म्हणाली, "दिसलो नाय तं पोर घाबरल, असा बोलतो."

उद्या रागवायला हवं.

११ ऑगस्ट, सोमवार

दुपारीच लिहिते आहे, रात्रीपर्यंत थांबवत नाही! १२:५० ला उघाडीच्या उजव्या अंगाला ओल दिसली. ५१ ला तिघे जमले. ५२ ला एकमत, इशारा, चित्र, आनंदाकाकांच्या फोनवर घंटी. गाव पेंढा घेऊन धावलं. खांड दोन हात रुंद झाली होती तेवढ्यात बुजवली. दीड वाजता सगळं शांत. साठ एकर वाचलं. साहेबांचा फोन आला, "मॅडम, एकही खोटा इशारा नाही, आणि खरा एकदम वेळेवर."

आये सारखी फोन करतेय. बघते काय म्हणते.

१२ ऑगस्ट

बाबा गेले.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला, खारफुटीच्या बाजूला सापडले. काल संध्याकाळी पाच वाजता. सगळा गाव उघाडीवर होता, त्या टोकाला कोणीच गेलं नव्हतं. ते जेवायला आले नाहीत म्हणून आये मला फोन करत होती. तिला वाटत होतं, मला दिसत असतील.

१६ ऑगस्ट

गावातली माणसं येतात, बसतात. सगळे माझ्याबद्दल चांगलं बोलतात. तुझ्या पाखरांनी गाव वाचवला म्हणतात. आनंदाकाका माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, पण लगेच गेले नसावेत. हे त्यांनी का सांगितलं कोणास ठाऊक. कोणी विचारलं नव्हतं.

१९ ऑगस्ट

हेतलने पाचही मेमरी कार्डं काढून ठेवली होती. म्हणाली, "मी बघितलं नाहीये. तूही बघू नकोस." आणि तरी पाकीट माझ्यासमोर ठेवलं. बघू नकोस म्हणणारं दुसरं कोणी नाही मला, म्हणून बहुधा ते काम तिने केलं.

मी बघितलं. लिहून काढते, नाहीतर मी उद्या ते बदलून सांगेन.

११:५८. बाबा बांधावर येतात. काठी नाही. ड्रोन क्रमांक दोनला हात करतात. तिघे जमतात. एकमत: माणूस. निरोप पाठवला नाही. तिघे आपापल्या जागी जातात.

१२:१४. बाबा खाली बसतात. छातीवर हात.

१२:१७. हात वर. तिघे येतात. बाबा दुसऱ्या हाताने खूण करतात, ये, ये. मला लहानपणी नदीपलीकडून बोलवायचे तशी. एकमत: माणूस. तिघे जातात.

१२:२२. १२:२६. १२:३३. १२:४१. चार वेळा हात वर केला, चार वेळा तिघे आले, तोंडावर येऊन थांबले, ठरवलं आणि निघून गेले. चित्रं इतकी स्पष्ट आहेत की ओठ हलताना दिसतात. आवाज नाही.

१२:५१. तिघेही उघाडीकडे जातात, खांड बघायला. त्यानंतर फक्त उंचावरच्या पाचव्याला बाबा दिसत राहतात, एक ऊबदार ठिपका. तो १:१८ पर्यंत हलतो.

त्या सगळ्या वेळात मी पनवेलला स्क्रीनपुढे बसले होते. चहा पीत होते. स्क्रीनवर लिहिलं होतं, सर्व ठीक.

ते यंत्र चुकलं नाही. त्याने मी सांगितलं तेच केलं. मी माझ्या बापाला गाळून टाकलं.

२० ऑगस्ट

हेतलने सांगितलेली अट आज टाकून बघितली. दहा मिनिटं जागचा हलला नाही तर कळवा. अकरा तारखेच्या कार्डावर चालवली. १२:२४ ला इशारा आला असता. शाळेपासून त्या टोकापर्यंत धावत सात मिनिटं. हेतल धावली असती. पनवेलला न्यायला रिक्षा, पाऊण तास.

ती अट लिहायला मला चार मिनिटं लागली.

२१ ऑगस्ट

जुनी कार्डंसुद्धा बघितली. थांबताच येत नाही. मी न बघितलेले किती बाबा त्यांत पडून होते.

२४ जुलैचं कार्ड. अमावास्या. बाबा दोन्ही हातांनी जिताडा उचलून धरतायत. हाताएवढा लांब, ओला, चमकणारा. जड होता, हात खाली येतायत, पुन्हा वर करतायत. तिघे ड्रोन समोर. बाबा हसून काहीतरी सांगतायत आणि गावाकडे मान वळवून दाखवतायत, घरी ये म्हणून.

आणि मी संध्याकाळी म्हटलं, काठी.

म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मी बघत नाही हे कळलं होतं त्यांना. आयेला बोलले नाहीत. आनंदाकाकांनाही नाही. मला तर नाहीच. त्यानंतरही प्रत्येक उधाणाला जात राहिले आणि घरी येऊन सांगत राहिले की पोरीने आज मला बघितलं.

का जात होते मग, मला कळत नाही. बांधासाठी असेल. सवय असेल.

२४ ऑगस्ट, रविवार

काल तेरावा झाला. आज पुन्हा उधाण. साहेब उडवा म्हणाले, म्हणून हेतलने उडवले. दहा मिनिटांची अट आता आत आहे. मी गेले नाही. घरातूनच आवाज येत होता.

दुपारी आये माझ्याजवळ येऊन बसली. पाहुणे गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघीच होतो. ती बराच वेळ माझी वेणी घालत बसली. मी अडतीस वर्षांची आहे, माझे केस खांद्यापर्यंतसुद्धा नाहीत. तरी घालत होती.

"सगले बोलतात एकला गेला," ती म्हणाली. "मी बोलते एकला नाय गेला. माजी पोर बगत व्हती त्याला. बगत व्हतीस ना गो?"

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न ती विचारणारच, मग का नाही कोणाला पाठवलंस? आणि नाही म्हटलं तर तिच्याकडे उरलेलं एवढंसं ते काढून घ्यायचं. मग खरं सांगितलं. सगळं. ती ओळ, ते तिघे, सहा वेळा वर केलेला हात. माझ्यामुळे झालं, आये, असं तीनदा म्हटलं. तिचे हात माझ्या केसांत तसेच थांबले.

बाहेर ड्रोन आले, गेले. मग तिने विचारलं.

"तू बगत नाय, ह्या त्याला ठावं नव्हता ना?"

"नाही आये," मी म्हटलं. "त्यांना काही माहीत नव्हतं."

"वर बगून त्याला वाटला असंल, आली माजी पोर."

"हो."

"मंग झाला," आये म्हणाली. तिने उरलेली वेणी पुरी केली, टोकाला दोरा बांधला आणि भात लावायला उठली.